दोरी कुणाकडे?

“ओढा ना, काकू! ओढा!” रांगेतला एक पोरगा ओरडला आणि बाकीच्यांनी ते उचलूनच धरलं. कुणी शिट्टी मारली, कुणी टाळ्यांचा ठेका धरला. काकू शंभर फुटांवर आडव्या लटकत होत्या आणि उजव्या हाताशी असलेली दोरी काही केल्या ओढत नव्हत्या.

थंडीतला रविवार होता. लोणावळ्याच्या बाजूच्या त्या पार्कात निम्मं पुणं लोटलेलं. वाळलेलं पिवळं गवत, भाजलेल्या कणसांचा धूर, आणि या सगळ्याच्या वर भल्यामोठ्या झोक्याची ती लोखंडी कमान. माणसाला दोराला बांधून मागे वर ओढून नेतात, मग त्यानं स्वतःच दोरी ओढली की हुक सुटतो आणि झोका सुरू होतो. रांगेत आमच्या पुढे एक कुटुंब होतं: साठीच्या बाई, त्यांचे यजमान, मुलगा, सून. साडीवर हार्नेस बसत नाही म्हणून बाईंनी सुनेची ट्रॅकपँट चढवली होती आणि वर मुलाच्या कंपनीचा टी-शर्ट, ज्याच्या पाठीवर कुठल्याशा टीमचं नाव होतं. अंबाडा मात्र तसाच, घट्ट. वर जाण्याआधी खिसे रिकामे करायचे असतात, अंगावरचं काढायचं असतं. त्यांचं मंगळसूत्र आणि चष्मा यजमानांच्या मुठीत होता. विंच, म्हणजे दोर गुंडाळणारं यंत्र, सुरू झालं, मागचा दोर ताणला, बाई पालथ्या आडव्या झाल्या आणि मागे मागे, वर वर सरकत गेल्या. आम्ही उभे होतो तिथून दिसत होते ते पांढरे मोजे आणि अंबाडा. खालच्या मुलानं भोंग्यावरून थ्री, टू, वन म्हटलं. काही झालं नाही. पुन्हा म्हटलं. काही नाही. मुलगा मोबाइलवर शूटिंग करत होता, त्याचा हात दुखायला लागला असावा, त्यानं हात बदलला. यजमान आधी हसले, मग घसा खाकरून म्हणाले, “अगं, ओढ की!” इतक्या वर ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. शेवटी वरून एक हात हलला, नको नको असा, आणि विंच उलटं फिरलं. बाई जशा गेल्या तशाच सावकाश खाली आल्या. रांगेतून “अरे यार” असा एक सुस्कारा निघाला, क्रिकेटच्या मॅचमध्ये कॅच सुटला की निघतो तसा. हार्नेस सोडवला, बाईंनी आधी चष्मा घातला, मग मंगळसूत्र, आणि यजमानांना म्हणाल्या, “धरणाचं पाणी काय निळं दिसतं हो वरून.” मागून कुणीतरी “पैसे फुकट घालवले” म्हणालं. यजमान सगळ्यांकडे बघून ओशाळं हसले. “घाबरली,” म्हणाले. बाईंनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. चहा कुठे मिळतो ते विचारलं.

ते ‘घाबरली’ मला काही पटलं नाही.

घाबरलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यांत आरशात पाहिलेलंही एक आहे. घाबरलेलं माणूस डोळे मिटून घेतं, मान आखडतं, ओठांत रामरक्षा नाहीतर शिव्या पुटपुटतं. हा अंबाडा फिरत होता. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग बराच वेळ पुन्हा डावीकडे. खिडकीची सीट मिळालेल्या बाईसारखा. किती वेळ त्या वर होत्या कोण जाणे, घड्याळ कुणी लावलं नव्हतं, पण रांगेच्या हिशेबानं फार वेळ. आणि मला नंतर छळत राहिली ती रांग. त्या वर थांबल्या यात आमचं काय जात होतं? दहा मिनिटं उशीर, एवढंच. पण आवाजात जी चीड होती ती उशिराची नव्हती. बसला उशीर झाला की पुणेकर कसा चिडतो ते मला माहीत आहे, तो स्वर वेगळा. ही चीड एखाद्यानं आपल्या वाट्याचं काहीतरी द्यायचं नाकारावं, तशी होती. आणि खरं सांगायचं तर मीही मनातल्या मनात “ओढा हो आता” म्हणत होते.

मग आमचा नंबर. आम्ही म्हणजे मी आणि माझी भाची मनवा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि हे सगळं खूळ तिचंच. “आत्या, तू नुसती ये, बघ आणि ठरव,” असं म्हणून तिनं मला कोथरूडहून उचललं होतं आणि तिकिटं मात्र आदल्या रात्रीच दोन काढून ठेवली होती. हार्नेस म्हणजे खांद्यांवरून, छातीवरून आणि मांड्यांमधून जाणाऱ्या जाड पट्ट्यांचं जाकीट. दुसऱ्यांच्या घामाचा आणि ओल्या कॅनव्हासचा वास येत होता. पट्टे आवळणाऱ्या मुलाला मी विचारलं, त्या बाईंसारखं नेहमी होतं का. तो म्हणाला, “होतं ना मॅडम. पण जास्त करून जेंट्स असतात. आणि खाली आले की म्हणतात, हुक अडकला होता.” मग त्यानं विचारलं, “दोरी कुणाकडे?” दोघं किंवा तिघं एकत्र बांधलेले असले तरी दोरी एकाकडेच असते. मनवा लगेच म्हणाली, “आत्याकडे.” मघाशी धीट असलेली पोरगी, हे बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

पायाखालचा प्लॅटफॉर्म खाली गेला आणि आम्ही पुढे कलंडलो. जमिनीकडे तोंड करून लटकायची सवय माणसाला नसते. हातांचं काय करायचं कळत नाही. मग मागून ओढ बसली. हा झोका पुढे बघत मागे नेतो, त्यामुळे आपण कुठे चाललोय ते दिसत नाही, काय सोडून चाललोय ते दिसतं. आधी माणसांचे चेहरे, मग नुसते भांग आणि टकलं, मग पत्र्याची छपरं, छपरावर कुणीतरी वाळत टाकलेली चप्पल, पाण्याची काळी टाकी. भोंगा, गाणी, पोरांचा कलकलाट हे सगळं एका उंचीनंतर अचानक पातळ होतं. वर वारा होता, मनवाच्या दातांचा आवाज होता, आणि विंचची कुरकुर. मग तीही थांबली. दूरवर एक्सप्रेसवेवर ट्रक सरकत होते. आणि डावीकडे खरंच धरण होतं, आणि त्याचं पाणी खरंच निळं होतं. बाईंचं म्हणणं तपासून बघावं तसं मी ते बघून घेतलं.

खालून थ्री, टू, वन झालं. दोरीला शेवटी एक पिवळी पट्टी होती, मुठीत मावेल एवढी. तिला ओढायला किती कमी जोर लागतो याचंच मला आश्चर्य वाटलं. लोणच्याच्या बरणीचं झाकण याहून घट्ट असतं.

पुढचं सांगायला मला शब्द सापडत नाहीत असं लिहिलं तर ते खोटं होईल. शब्द सापडतात, फक्त ते फार साधे आहेत. पहिल्यांदा काहीच नव्हतं. खांद्यावरचे, मांड्यांवरचे पट्टे जे मघापासून रुतत होते ते एकदम सुटल्यासारखे झाले. पोट जिथे असतं तिथे नव्हतं. ओरडायला तोंड उघडलं तर आत वाराच गेला. जमीन वर येत होती, आणि ती येणारच नाही अशी एक भाबडी समजूत डोक्यात बसलेली. मग कुठूनतरी दोर आठवण ठेवून आला, पट्टे पुन्हा रुतले, या वेळी भलतेच, गाल खाली ओढले गेले, पापण्या जड झाल्या, आणि आम्ही जमिनीला समांतर सुसाट पुढे, मग वर, समोर नुसतं आकाश. तिथे क्षणभर थांबणं. आणि मागे. दुसऱ्या झोक्याला मनवा हसायला लागली. तिसऱ्याला मी. चौथ्या-पाचव्यापासून तर तो नुसता झोका होता, लहानपणीचा, फक्त भलामोठा. भीतीचे पैसे पहिल्या दोन-अडीच सेकंदांचे, बाकीचं सगळं वरकड मिळतं.

परतीच्या वाटेवर कामशेतला वडापाव खाताना मनवानं टिश्यू पेपरवर गणित मांडलं. दोर तीस मीटरचा धर, म्हणाली. दोर जवळजवळ आडवा होईपर्यंत मागे नेतात. तिथून सुटताना दोरात ताण शून्य असतो, म्हणजे त्या क्षणी तो झोका नसतोच, ते निव्वळ पडणं असतं. म्हणून पट्टे सुटल्यासारखे वाटले. जसजसं खाली यावं तसतसा दोर आपल्याला ताब्यात घेतो, आणि अगदी तळाशी अंगावर आपल्याच वजनाच्या तिप्पट भार येतो. माणूस साठ किलोचं असेल तर एकशे ऐंशी. (माझं वजन तिनं सौजन्यानं साठ धरलं.) वेग तळाशी ताशी ८७ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे त्या वेगानं खंडाळ्याच्या घाटात गाडी नेली तर घरी चलान येईल. गंमत म्हणजे या कुठल्याच हिशेबात वेगाला वजनाशी देणंघेणं नाही. एकटी बाई असो की तिघांचं गाठोडं, तळाशी येताना वेग तोच. तीस मीटरच्या दोराचा छोटा झोका जाऊन येऊन साधारण ११ सेकंदांचा, मोठा असेल तर जरा जास्त. झोका लहान-मोठा झाला तरी वेळ तेवढाच लागतो असं गॅलिलिओ मानत होता. ते मोठ्या झोक्याला लागू पडत नाही हे पुढे हॉयगेन्स या डच शास्त्रज्ञानं दाखवलं, त्यानंच १६५६ साली लंबकाचं घड्याळ केलं होतं. आणि पोट? तिनं वड्याचा घास खाली ठेवून सांगितलं की आतले अवयव एरवी एकमेकांवर टेकून, ओठंगून असतात. पडताना कुणीच कुणावर टेकत नाही. कानाच्या आत कॅल्शियमचे बारीक कण असतात, त्यांच्या वजनावरून मेंदूला खाली कुठे ते कळतं. पडताना त्या कणांचं वजन नाहीसं होतं आणि मेंदूला खालचा पत्ताच लागत नाही. मी ऐकत होते, पण माझं लक्ष दोरीच्या पिवळ्या पट्टीकडेच पुन्हा पुन्हा जात होतं.

झोके मला नवीन नाहीत. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात माजघरात पितळी कड्यांचा झोपाळा होता. आजी त्यावर बसून तांदूळ निवडायची आणि पायाच्या अंगठ्यानं फरशीला एवढासा रेटा द्यायची. कड्यांची लांबी आठेक फूट, म्हणजे मनवाच्या सूत्रानं एक झोका तीन सेकंदांचा. त्या कुरकुरीवर आमची दुपारची झोप बेतलेली असायची. वाडा पडला, बिल्डिंग झाली, झोपाळ्याची फळी अडगळीच्या खोलीत नाहीतर माळ्यावर कुठेतरी असेल.

पण खरे झोके आईच्या माहेरी, खटाव तालुक्यात. नागपंचमीला काही चिरायचं नाही, तळायचं नाही, नांगर धरायचा नाही, आणि बायका झाडाखाली. चिंचेच्या जाड फांदीला मोटेचा नाडा बांधलेला, त्याच्या तळाशी फळी. माहेरवाशिणी फळीवर समोरासमोर उभ्या राहायच्या आणि आळीपाळीनं गुडघे वाकवून झोका चढवायच्या. चढवायच्या म्हणजे अक्षरशः चढवायच्या, बांगड्यांचे आवाज, पदर खोचलेला, केस सुटलेले, आणि वर टोकाला गेलं की समोरच्या फांदीचं पान दातांनी तोडून आणायचं. माझी एक मावशी होती, एरवी तिच्या तोंडून चार शब्द निघायचे नाहीत. सासरी काय परिस्थिती होती हे आम्हाला पुढे, फार उशिरा कळलं. ती पंचमीला झोक्यावर चढली की खालच्या बाया गाणं विसरून तिच्याकडे बघत राहायच्या. आजी दाराशी येऊन म्हणायची, “पुरे आता, खाली ये.” मावशी यायची नाही. आणखी चढवायची. तिला कुणीही “अजून, अजून” असं ओरडल्याचं आठवत नाही. उलट सगळ्या गप्प व्हायच्या.

बाबांचा या सगळ्याशी संबंध वेगळाच. ते भोसरीला एका कारखान्यात फिटर होते. नवरात्रात चतुःशृंगीच्या जत्रेला आम्हाला न्यायचे, पण रहाटपाळण्यात बसायची परवानगी लगेच मिळायची नाही. डिझेल इंजिनाचा धूर, बत्ताशांचा वास, मौत का कुआँमधला गाड्यांचा आवाज, आणि आमचे बाबा पाळण्याच्या खांबाशी वाकून कॉटर पिना बघतायत. पिनेची दोन्ही टोकं उलट्या बाजूंना वाकवलेली आहेत ना. बोल्टाचे आटे नटाच्या बाहेर आलेत ना. एकदा त्यांनी पाळणेवाल्याला पिनेच्या जागी घातलेला खिळा काढायला लावला होता, आणि तोवर आम्ही दोघं भावंडं शरमेनं मेल्यासारखी पलीकडे तोंड करून उभी. तारेचा दोर असेल तर त्यावरून चिंधी फिरवायची, हेही त्यांचंच. एखादी तार तुटलेली असेल तर चिंधी अडकते, डोळ्यांना दिसत नाही ते कापडाला कळतं. त्या पार्कातही मी आधी हेच पाहिलं. कमानीपासून दोन वेगवेगळे दोर येतात, एक गेला तरी दुसरा राहावा म्हणून. हार्नेसची शिवण, दोर अडकवायच्या कडीचं, म्हणजे कॅराबिनरचं, स्क्रू-लॉक, सगळं बघून झाल्यावरच मी जाकिटात हात घातले. त्या मुलाला वाटलं काकू घाबरल्यात.

बाबांचं खूळ हे खूळ नव्हतं, हे अधूनमधून पेपर सांगतोच. अहमदाबादला कांकरिया तलावाशी १४ जुलै २०१९ ला रविवारीच अशा एका लंबकासारख्या झुलणाऱ्या पाळण्याचा दांडा तुटला. दोन माणसं गेली, पुष्कळ जखमी झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीच्या जत्रेत वरून सोडायचा पाळणा थेट जमिनीवर आदळला. तिथे बसलेल्यांपैकी कुणाच्याही हातात दोरी नव्हती. त्यांनी तिकीट काढलं, दांडा खाली आला, लॉक झालं, आणि पुढचं सगळं दुसऱ्या कुणाच्या नाहीतर कशाच्या तरी हातात. बहुतेक राइड्स अशाच असतात आणि लोकांना त्या तशाच हव्या असतात. किंचाळायचं, पण जबाबदारी नको. मलाही इमॅजिकातल्या रोलर कोस्टरमध्ये तेच आवडलं होतं.

या झोक्याची तऱ्हा उलटी आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बिल किचन यांनी स्कायकोस्टर नावाचा असला झोका काढला तेव्हा त्यांनी सुटायची दोरी बसणाऱ्याच्याच हातात दिली, पॅराशूटच्या दोरीसारखी. इंजिनिअरच्या दृष्टीनं याची गरज नसावी, खालून बटण दाबलं तरी हुक सुटेल. पण धंद्याच्या दृष्टीनं ती दोरी म्हणजेच राइड. बाकी शंभर फूट काय, फ्लोरिडात किसिमीला तोच झोका तीनशे फुटांचा आहे. डर्बनला २०१० च्या फुटबॉल विश्वचषकासाठी बांधलेल्या स्टेडियमच्या कमानीवरून माणसं झुलली. न्यूझीलंडमध्ये शॉटओव्हर नदीच्या घळीवर १०९ मीटरवरून सोडतात, त्यातले ६० मीटर निव्वळ पडणं, आणि तिथं म्हणे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मागे कलंडायचीही सोय आहे. आपल्याकडे ऋषिकेशजवळ ८३ मीटरचा आहे. मनवा हे सगळं मोबाइलवर दाखवत होती आणि मी प्रत्येक व्हिडिओत माणूस नाही, कडेची गर्दी बघत होते. भाषा कुठलीही असो, गर्दी मोजतेच. तीन, दोन, एक.

लटकलेल्या माणसाखाली जमलेली गर्दी मी एकदा आणखी पाहिली आहे, आणि ती बावधनला. आपलं चांदणी चौकाखालचं बावधन नव्हे, वाईजवळचं. तिथे भैरवनाथाचं बगाड असतं. ऑफिसातली एक वाईची मैत्रीण आग्रहानं घेऊन गेली होती. होळीपौर्णिमेला कौल लावून बगाड्या ठरतो, नवस बोललेल्यांपैकी एक, आणि रंगपंचमीला बगाड निघतं. भक्कम लाकडी गाडा, त्यावर उभा खांब, खांबावर लांबच लांब शीड, आणि शिडाच्या टोकाला बगाड्या बांधलेला, माणसांच्या डोक्यांवर कितीतरी उंच. गाड्याला बैलांच्या जोड्या, रस्ता शेतांतून. ढेकळांवरून गाडा हिंदकळला की वरचं माणूस अख्ख्या आभाळातून हेलकावतं. पूर्वी अशा बगाडांत पाठीच्या कातडीत लोखंडी गळ अडकवायचे. इंग्रजी अमलात ते बंद पडलं, आता बांधतात. मी गेले तेव्हा धूळ, गुलाल, बैलांच्या तोंडचा फेस, आणि “काशिनाथाचं चांगभलं!” या आरोळीनं छातीत धडधड. माझ्या शहरी मनाला ते सगळं आवडलं असं नाही म्हणता येणार. बैलांकडे तर बघवत नव्हतं. पण त्या गर्दीतलं एकही माणूस वरच्याला “कर ना काहीतरी” म्हणत नव्हतं. त्यानं फक्त वर असायचं होतं. तो सगळ्यांच्या वतीनं वर होता, आणि खालचे हात जोडून होते. एक म्हातारी माझ्या शेजारी पदरानं डोळे पुसत होती. नवस तिचा नव्हता, मुलगाही तिचा नव्हता. आमच्या पार्कातल्या काकूही तेवढा वेळ वरच होत्या, पण रांगेला त्यांच्याकडून पडणं येणं होतं.

हे मी मनवाला सांगितलं तर ती म्हणाली, “आत्या, तू प्रत्येक गोष्टीत गाव आणतेस.” असेल. मग तिचंच एक उदाहरण मी तिला परत दिलं. ती शाळेत असताना २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनाला, आम्ही विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत गेलो होतो. तिथे फुकोचा लंबक आहे. लंबक झुलत राहतो आणि त्याची दिशा हळूहळू सरकते, म्हणजे खरं तर खालची पृथ्वी सरकते. फुको या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५१ साली पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटरच्या तारेला २८ किलोचा गोळा टांगून हे लोकांना दाखवलं. पॅरिसला दिशेची एक फेरी सुमारे ३२ तासांत पुरी होते, पुण्याच्या अक्षांशावर ७५ तास लागतात. मला मात्र त्यातलं लक्षात राहिलं ते वेगळंच. तो गोळा हातानं सोडत नाहीत. एका बाजूला ओढून दोऱ्यानं बांधतात आणि दोरा जाळतात. हातानं सोडला तर बोटांचा एवढासा धक्का लागतो आणि झोका तिरका जातो. सोडणाऱ्याचं मन झोक्यात उतरू नये म्हणून केवढी ही खबरदारी. आणि इथे माणूस टांगून त्याच्याच मुठीत दोरी देतात आणि खाली शंभरजण मोजतात. मी ओढली ती माझ्या मनानं का मोजणाऱ्यांच्या, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. ‘वन’ झालं आणि हात हलला. मला धरण आणखी थोडा वेळ बघायचं होतं.

मनवाचं म्हणणं, बाई घाबरल्याच होत्या, आणि घाबरण्यात वाईट काय, तू उगीच त्यांना संत करतेस. यावर आमचं तळेगावच्या टोलनाक्यापर्यंत चाललं. कदाचित दोन्ही खरं असेल. हात भीतीनं थांबला असेल, आणि थांबलाच आहे तर बघून घेऊ म्हणून मान फिरली असेल. साठ वर्षांत त्यांना इतक्या उंचावर इतका निवांतपणा कुणी दिला होता का, हे तरी कुठे माहीत आहे. टी-शर्टवर टीमचं नाव होतं, ते आठवायचा मी प्रयत्न करते आणि आठवत नाही. ट्रॅकपँटवर चहाचा कप धरून यजमानांना बोटानं डोंगराची कुठलीशी कड दाखवत होत्या, एवढं निघताना दिसलं. यजमान तिकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं ओशाळं हसू गेलेलं होतं.

दोन दिवसांनी बाबांना सगळं सांगितलं. आता ऐंशीच्या पुढे आहेत, भावाकडे असतात, कान गेलेत पण मशीन म्हटलं की ऐकू येतं. मी पडण्याचं वर्णन रंगवून करत होते, त्यात त्यांना गम्य नव्हतं. दोर किती जाडीचा, चिंधी फिरवली का, हे विचारून झालं. मग मी बाईंचं सांगितलं. ते पहिल्यांदाच उठून बसले.

“भरल्या वजनानिशी खाली घेतलं?”

“हो. सावकाश.”

“झटका न देता?”

“अजिबात नाही. वर गेल्या तशाच आल्या.”

“मग विंच चांगलं आहे,” ते म्हणाले. “वर ओढणं सोपं असतं, मोटर ओढते. सोडून देणं त्याहून सोपं, हुक उघडला की झालं. लटकतं वजन मध्येच उलटं फिरवून अलगद उतरवायचं तर ब्रेक लागतो बिनचूक. ब्रेक कसला होता? पट्ट्याचा, का मोटरच्या आतच?”

मला कुठलं माहीत. मी म्हटलं, तिकडे लक्ष नव्हतं बाबा, सगळे वर बघत होते.

“सगळे वर बघत होते,” त्यांनी माझी नक्कल केली. “विंच खाली असतं. पुन्हा गेलीस तर फोटो काढून आण.”